पाहुण्यांच्या स्टँडमध्ये बसताना: कॉलेज फुटबॉलमधली खुन्नस आणि तिची शिस्त

आयोवा सिटीत एम.एस. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: "मी मित्रांबरोबर मिनियापोलिसला आयोवा विरुद्ध मिनेसोटा हा अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला जातोय. तिकिटं पाहुण्या संघाच्या स्टँडमधली आहेत. तिथले प्रेक्षक 'आम्ही आयोवाचा द्वेष करतो' अशा घोषणा देतात म्हणे. आणि आमच्या स्टेडियममध्ये आलेले हेच पाहुणे मध्येच थांबून हॉस्पिटलमधल्या मुलांना हात दाखवतात. यातलं खरं कोणतं मानायचं? आणि पाहुणा म्हणून मी काय सांभाळायचं?"

दोन्ही खरं आहे. बिग टेन या विद्यापीठांच्या साखळीतल्या एका विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांची व्यवस्था बघण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि त्यातला मोठा काळ पाहुण्यांच्या स्टँडजवळच उभी असते. तिथून बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे. ही खुन्नस शंभर-सव्वाशे वर्षं टिकली, कारण दोन्ही बाजू काही गोष्टी न सांगता पाळतात. यजमानाची प्रथा पाहुण्याच्या साथीशिवाय चालूच शकत नाही. त्यामुळे समोरच्याच्या प्रथेचा मान राखणं हा या खेळाचाच भाग आहे, वरून चिकटवलेला शिष्टाचार नव्हे.

हात दाखवण्याचंच घ्या. आयोवाच्या किनिक स्टेडियमला खेटून विद्यापीठाचं मुलांचं हॉस्पिटल आहे. त्याची नवी इमारत २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिच्या वरच्या मजल्यावरून थेट मैदान दिसतं. त्याच हंगामापासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम त्या खिडक्यांकडे वळतं. कल्पना एका चाहतीची होती, विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाची नव्हे. पण तिला वजन आलं ते पाहुण्यांमुळे. क्वार्टर बदलतानाचा तो वेळ पाहुण्या कोचसाठी मोलाचा असतो, पुढचा डाव खेळाडूंना तेव्हाच समजावून सांगता येतो. तरीही त्यांचे खेळाडू हॉस्पिटलकडे तोंड करून हात हलवतात, रेफरीही हलवतात. हे कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नाही आणि न केल्यास एका यार्डाचीही शिक्षा नाही. पाहुणे पाठ फिरवून उभे राहिले असते, तर तो यजमानांचा एक घरगुती कार्यक्रम झाला असता. ते वळले म्हणून ती प्रथा झाली.

आता तुम्ही जो सामना बघायला निघालात त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. तो समजल्याशिवाय तिथल्या घोषणा नीट समजणार नाहीत.

या सामन्याचा करंडक म्हणजे ब्राँझचं एक डुक्कर. नाव 'फ्लॉइड ऑफ रोझडेल', वजन सुमारे ९८ पौंड. नवखी माणसं ते बघून हसतात, पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही. १९३४ मध्ये मिनेसोटाने आयोवा सिटीत येऊन आयोवाचा ४८-१२ असा धुव्वा उडवला. आयोवाकडून ऑझी सिमन्स खेळत होता. चेंडू घेऊन पळण्यात त्याचा हात धरणारे कमी होते आणि तो कृष्णवर्णीय होता. त्या काळी मोठ्या विद्यापीठांच्या संघांत असे खेळाडू बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवशी त्याला इतका मार बसला की सामना अर्धवट सोडून त्याला बाहेर जावं लागलं. आयोवातल्या लोकांची खात्री होती की त्याला ठरवून लक्ष्य केलं गेलं.

पुढच्या वर्षीही सामना आयोवा सिटीतच होता आणि वातावरण पेटलेलं होतं. आयोवाचे गव्हर्नर क्लाइड हेरिंग यांनी जाहीरपणे सांगितलं की गेल्या वर्षीसारखी दांडगाई रेफरींनी खपवून घेतली, तरी प्रेक्षक खपवून घेणार नाहीत. गव्हर्नरच्या तोंडून असं वाक्य जाणं म्हणजे जमावाला मैदानात उतरायची परवानगीच. मिनेसोटाचे कोच बर्नी बिअरमन यांनी जादा पोलीस बंदोबस्त मागितला. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी हेरिंग यांना तार केली. तारेत त्यांनी पैज लावली: जो हरेल त्याने जिंकणाऱ्याला एक जातिवंत डुक्कर द्यायचं. आयोवा हे डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांचं राज्य, त्यामुळे पैज सगळ्यांना लगेच कळली आणि रुचली. वर्तमानपत्रांचे मथळे बदलले. मिनेसोटा १३-६ ने जिंकलं आणि सामना सुरळीत पार पडला. हेरिंग खरंखुरं डुक्कर घेऊन सेंट पॉलला ओल्सन यांच्या कचेरीत गेले. त्याला ओल्सन यांचंच नाव मिळालं, आणि ते रोझडेल फार्म्समधलं म्हणून पुढचा भाग. ब्राँझचा पुतळा नंतर घडवला गेला.

त्या पैजेने सिमन्सला न्याय मिळाला, असं मात्र मी म्हणणार नाही. जमाव शांत झाला, पण ज्याला मार बसला होता तो माणूस हळूहळू गोष्टीतून बाजूला पडला. याच मिनियापोलिसमध्ये १९२३ मध्ये आयोवा स्टेट या आयोवातल्याच दुसऱ्या विद्यापीठाचा जॅक ट्राइस मिनेसोटाविरुद्ध खेळताना जबर जखमी झाला आणि दोन दिवसांनी वारला. आयोवा स्टेटचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आयोवा स्टेटच्या एम्समधल्या स्टेडियमला त्याचं नाव मिळायला १९९७ उजाडावं लागलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. करंडकाचा मान राखायचा तर तो कशातून जन्मला तेही ठाऊक असायला हवं. सामना संपल्यावर जिंकलेले खेळाडू त्या डुकराकडे धावत सुटतील, तेव्हा तुमच्या मित्रांना सिमन्सचं नाव जरूर सांगा.

तुमच्या प्रश्नातला 'द्वेष' हा शब्द मला खटकत नाही. मिनेसोटाचे लोक आयोवाच्या नावाने बोंब मारतील, तुमचे लोक त्यांना तोडीस तोड उत्तर देतील. आरडाओरडा हे या खेळात प्रेक्षकांच्या हातातलं एकमेव हत्यार आहे आणि ते वैध आहे. पाहुण्यांचा क्वार्टरबॅक आपल्या खेळाडूंना डाव सांगत असतो, तेव्हा त्याचा शब्द शेजारच्या खेळाडूलाही ऐकू जाऊ नये म्हणून यजमान प्रेक्षक बेंबीच्या देठापासून ओरडतात. तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, तर कान किटतात. आपला संघ चेंडू खेळवत असेल तेव्हा हेच प्रेक्षक आवाज उतरवतात. नवख्या विद्यार्थ्यांचं नेमकं इथे चुकतं: सगळे ओरडतात म्हणून तेही ओरडतात आणि आपल्याच क्वार्टरबॅकची पंचाईत करतात.

हद्द कुठे येते ते मी माझ्या कामातून सांगू शकते. खेळाच्या, संघाच्या, विद्यापीठाच्या नावाने हुर्यो उडवा. खेळाडूची आई, त्याचा वर्ण, त्याचं दुखणं, त्याचं मागच्या आठवड्यात व्हायरल झालेलं खासगी आयुष्य, हे तोंडी आलं की हद्द ओलांडली. मैदानात वस्तू फेकणं तर फारच पुढचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेनेसीच्या स्टेडियममध्ये एका निर्णयावरून प्रेक्षक चवताळले आणि बाटल्या, गोल्फचा चेंडू, अगदी मोहरीच्या सॉसची बाटलीसुद्धा मैदानात आली. सामना वीसेक मिनिटं थांबला आणि विद्यापीठाला अडीच लाख डॉलर दंड झाला. माझ्या मते दंडापेक्षा वाईट गोष्ट अशी की सामन्यातला खेळ कुणालाच आठवत नाही, बाटली मात्र सगळ्यांना आठवते.

जखमी खेळाडूच्या बाबतीत सगळीकडे एकच रीत आहे. कुणी मैदानात पडून राहिला की दोन्ही संघांचे खेळाडू गुडघा टेकून बसतात, बँड थांबतो, ओरडणारे गप्प होतात. तो उठून चालायला लागला, किंवा स्ट्रेचरवरून नेला जात असला, तरी टाळ्या दोन्ही स्टँडमधून येतात. त्याने कोणत्या रंगाचा शर्ट घातला आहे ते तेव्हा कुणी बघत नाही. तुमच्या स्टँडमध्ये कुणी त्या वेळी घोषणा देऊ लागला तर शेजारचेच त्याला गप्प करतील, आम्हाला यावंही लागत नाही.

हे सगळं प्रेक्षकांचं झालं. खिलाडूवृत्तीची खरी परीक्षा निकालाच्या वेळी होते, आणि तिची दोन उदाहरणं मी नव्या स्वयंसेवकांना नेहमी सांगते. या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. १६ नोव्हेंबर १९४० ला डार्टमथ आणि कॉर्नेल यांच्या सामन्यात शेवटच्या क्षणांत डार्टमथ ३-० ने पुढे होतं आणि कॉर्नेल गोललाइनच्या तोंडाशी होतं. कॉर्नेलचे चारही प्रयत्न फसले. रेफरी रेड फ्रीझेल यांची मोजणी चुकली आणि त्यांनी पाचवा प्रयत्न दिला. त्यावर कॉर्नेलने टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोललाइनपलीकडे नेला, आणि सामना ७-३ असा जिंकला. त्या वेळी कॉर्नेल देशातल्या अव्वल संघांत होतं आणि लागोपाठ अठरा सामन्यांत हरलं नव्हतं. नंतर सामन्याची फिल्म तपासली गेली आणि चूक स्वच्छ दिसली. फ्रीझेल यांनी ती कबूल केली. कॉर्नेलने डार्टमथला तार पाठवली की हा विजय आम्हाला नको. डार्टमथने तो स्वीकारला आणि आजही नोंद डार्टमथ ३, कॉर्नेल ० अशीच आहे.

सुमारे पन्नास वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९० ला, मिझुरीच्या मैदानावर कोलोरॅडोला असाच पाचवा डाउन मिळाला. त्यावरच शेवटच्या क्षणी टचडाउन झाला आणि कोलोरॅडो ३३-३१ ने जिंकलं. रेफरींचं निलंबन झालं, निकाल तसाच राहिला, कोलोरॅडोने तो परत केला नाही आणि त्या हंगामाच्या राष्ट्रीय विजेतेपदात त्यांचा वाटा राहिला. कोलोरॅडोने नियम मोडला नव्हता. डाउन मोजणं हे रेफरींचं काम, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो कायद्याने बरोबर आहे. तरी मिझुरीच्या माणसाशी त्या सामन्याबद्दल बोलून बघा. कॉर्नेलने एक सामना गमावला आणि त्याबद्दल लोक अजून त्यांचं नाव आदराने घेतात. कोलोरॅडोच्या विजेतेपदाचा विषय निघाला की पाचवा डाउन निघतोच.

अलीकडचा वादाचा विषय म्हणजे झेंडा रोवणं. जिंकलेल्या पाहुण्या संघाने यजमानाच्या मैदानाच्या मधोमध, त्यांच्या बोधचिन्हावर, आपला झेंडा रोवायचा. सप्टेंबर २०१७ मध्ये ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड याने ओहायो स्टेटला ३१-१६ ने हरवल्यावर ते केलं आणि दोन दिवसांत माफीही मागितली. पण दृश्य सगळ्यांच्या डोक्यात बसलं. ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर, कोलंबसमध्ये, १३-१० ने हरवलं आणि झेंडा मधोमध नेला, तेव्हा दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. पोलिसांना मिरचीचा फवारा मारावा लागला. बिग टेनने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड केला. हा दंड दोघांनाही झाला हे मला योग्य वाटतं. झेंडा नेणाऱ्याने डिवचलं, आणि घरच्या संघाने पराभवाच्या दिवशी पाळायची एकमेव गोष्ट, संयम, पाळली नाही. काही जण म्हणतात, यातच तर खेळाची गंमत आहे. मला ते पटत नाही. मैदानाचा मध्य हा यजमानाच्या घराचा उंबरठा आहे. सामना जिंकलात, तो तुमचा. घर अजून त्यांचंच आहे.

जिंकण्या-हरण्याचं वागणं कसं असावं हे बघायचं असेल तर डिसेंबरातला आर्मी-नेव्ही सामना बघा. १८९० पासून ही दोन सैनिकी विद्यालयं खेळताहेत. सामना संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर जाऊन उभे राहतात आणि त्यांचं विद्यालय-गीत होतं. मग सगळे मिळून जिंकलेल्यांकडे जातात आणि त्यांचं गीत होतं. म्हणून तिथे विजयाची आस 'आपलं गाणं दुसरं व्हावं' अशा शब्दांत सांगतात. हरलेल्याला त्याच्या माणसांसमोर एकटं सोडायचं नाही, हा विचार त्यात आहे. मला ही कॉलेज फुटबॉलमधली सर्वांत सुंदर प्रथा वाटते.

आणि टेक्सस. टेक्सस ए अँड एमचे विद्यार्थी दर वर्षी टेक्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी ओंडक्यांची प्रचंड होळी रचत. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे तो ढिगारा कोसळला आणि बारा जण गेले. आठवड्याभराने सामना झाला. ज्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाने ती होळी पेटायची, त्याच टेक्सस विद्यापीठाच्या बँडने हाफटाइमला शोकधून वाजवली आणि डोक्यावरच्या टोप्या काढून ते मुकाट मैदानाबाहेर गेले. ए अँड एमचे लोक त्याबद्दल अजून कृतज्ञतेने बोलतात, आणि टेक्ससच्या नावाने घोषणाही तितक्याच जोरात देतात.

सगळ्या प्रथा जपण्यासारख्या नसतात, हेही स्पष्ट सांगायला हवं. मिसिसिपी विद्यापीठाच्या सामन्यांना पूर्वी गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचे झेंडे सर्रास फडकायचे. १९९७ मध्ये स्टेडियममध्ये काठ्या आणायला बंदी करून ते आटोक्यात आणले गेले. इलिनॉय विद्यापीठात मूळ अमेरिकन प्रमुखाचा वेष घालून हाफटाइमला नाचायची रीत होती, ती २००७ मध्ये थांबली. तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांना वाईट वाटलं, तरी ते करणं योग्यच होतं. याउलट फ्लोरिडा स्टेटमध्ये ऑसिओला या सेमिनोल योद्ध्याच्या वेषातला विद्यार्थी घोड्यावरून येऊन भाला रोवतो, त्याला फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीने स्वतः संमती दिलेली आहे. फरक तिथेच पडतो. आणि तुमच्या किनिकमधली पाहुण्यांची गुलाबी लॉकर रूम? आयोवाचे तेव्हाचे कोच हेडन फ्राय मानसशास्त्र शिकलेले होते, गुलाबी रंगाने माणूस मवाळ होतो असं ते म्हणत. त्यावर २००५ च्या सुमारास कॅम्पसवर वाद झाला. 'तुम्ही बायकी आहात' हे पाहुण्याला सुचवणारी ती गोष्ट मला आवडत नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, पण बायकांच्या संघांनाही आपण तितक्याच अभिमानाने टाळ्या देतो ना, एवढं मनाशी विचारा.

आता मिनियापोलिसचं प्रत्यक्ष सांगते.

आयोवाचा काळा-सोनेरी रंग बिनदिक्कत घाला. पाहुण्याने आपले रंग घालून येण्यात काहीच गैर नाही, उलट लोकांना ते आवडतं. फक्त यजमानांच्या स्टुडंट सेक्शनमध्ये मित्राच्या तिकिटावर जाऊन आयोवाचा शर्ट मिरवू नका. ते तुमच्या मित्रालाही अडचणीत आणतं. सामन्याआधी पार्किंगमध्ये टेलगेटिंग चालतं, म्हणजे गाड्यांच्या मागे शेगड्या पेटवून खाणं-पिणं. ओळख नसतानाही तिथे 'या, खा' म्हणतात आणि ते मनापासून असतं. रिकाम्या हाती जाऊ नका, चिवड्याचं पाकीट नेलंत तरी बोलायला विषय मिळतो. बिअरचा डबा हातात दिला आणि वय एकवीसच्या आत असेल, तर सरळ नाही म्हणा, कुणी आग्रह करत नाही. जाताना आपला कचरा आपण उचला. पाहुण्यांनी मागे ठेवलेला कचरा मी बघितला आहे आणि तो कोणत्या संघाचा होता हे आमच्या सफाईवाल्यांच्या नेमकं लक्षात राहतं.

जागेवर वेळेआधी पोचा, खास करून बँडसाठी. मार्चिंग बँडची मुलं पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांसारखीच महिनोन्‌महिने रोज सराव करतात आणि त्यांना हक्काची मिळते ती सामन्याआधीची आणि हाफटाइमची वेळ. यजमानांचा बँड वाजवत असताना त्यावर आपल्या घोषणा चढवणं हे मी मैदानातल्या शिवीइतकंच वाईट मानते. राष्ट्रगीताला उभं राहा, टोपी काढा. यजमानांच्या विद्यापीठ-गीतालाही उभं राहा. शब्द म्हणायची गरज नाही, ओरडू मात्र नका.

हरलात तर लगेच उठून जाऊ नका. आपले खेळाडू पाहुण्यांच्या कोपऱ्याकडे येतात, त्यांना टाळ्या देणारं कुणीतरी तिथे असावं लागतं. जिंकलात तर डुकराबरोबरचा जल्लोष मनसोक्त करा, पण आपल्या स्टँडमधून. मैदानात उतरायचं नाही. बाहेर पडताना मिनेसोटाच्या चाहत्यांच्या तोंडावर घोषणा देऊ नका, दारातली गर्दी चिंचोळी असते आणि बहुतेक भांडणं मी तिथेच लागताना बघितली आहेत, सामन्यात नव्हे. वाटेत कुणी 'चांगला खेळ झाला' म्हणालं, तर थांबून तसंच उत्तर द्या.

आणि शेजारचा कुणी हद्द ओलांडत असेल, प्यायलेला असेल, तुमच्या रंगावरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून बोलत असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. बहुतेक मोठ्या स्टेडियमांत मेसेज पाठवायचा एक नंबर पडद्यावर दाखवतात. त्यावर सेक्शन, रांग आणि काय चाललं आहे एवढं लिहा. नाव देण्याची गरज नसते. सामना सुरू व्हायच्या आधीच तो नंबर फोनमध्ये साठवून ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क रखडतं आणि वेळेला शोधत बसणं जमत नाही. मेसेज गेला नाही तर जिन्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सांगा. तो यजमानांचा माणूस असला तरी पाहुण्याला सुखरूप घरी पाठवणं हेच त्याचं काम आहे.